जोडीचा फोटो

"आता पुन्हा तारीख? सकाळी सांगितली की रे तुला," भीमाशंकरअप्पा कॅमेऱ्याला म्हणाले.

दुकानाच्या गल्ल्यावर, वजनकाट्याशेजारी, साबणाच्या वडीएवढा तो कॅमेरा पडला होता आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर तारखेचे आकडे लुकलुकत होते. बॅटरी चार्जिंगला काढली की हा गडी सगळं विसरायचा. ती परत घातली की नव्यानं विचारायचा, आज तारीख काय, वाजले किती, भाषा कोणती. अप्पा मनातल्या मनात चरफडले. घरात एक विसरणारं माणूस होतं, तेवढ्यानं भागत नव्हतं म्हणून हे दुसरं आणून बसवलं.

त्यात बटणं मसुराच्या डाळीएवढी आणि अप्पांचा अंगठा उभ्या जन्माचा गुळाच्या ढेपा फोडणारा. एक दाबायला जावं तर दोन दाबली जायची. काल अशाच दाबादाबीत भाषा बदलली होती आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या चालाव्यात तशी कसली तरी अक्षरं उमटली होती. ती पुन्हा इंग्रजीवर आणता आणता अप्पांच्या बंडीला घाम फुटला होता.

"अप्पा, गोडेतेल देता का जाऊ?" दारातलं गिऱ्हाईक म्हणालं.

"जा बाबा," अप्पा म्हणाले. लिंबागणेशच्या त्या दुकानातून गिऱ्हाईक असं रिकाम्या हातानं कधी परत गेलं नव्हतं.

कॅमेरा वीरेशचा, त्यांच्या मुलाचा. कॉलेजात असताना त्यानं हौसेनं घेतला होता, पुढं नोकरीला पुण्याला गेला आणि हा ट्रंकेत राहिला. "अप्पा, दिवाळीला मोठा फोन घेऊन येतो, तवर कळ काढा," असं तो फोनवर म्हणाला होता. त्याला सांगायला काय जातंय? दिवाळी लांब होती आणि त्याची आई रोज थोडी थोडी हातातून चालली होती.

अप्पांना सगळा मिळून एकच फोटो पाहिजे होता. आपला आणि शांतादेवीचा, जोडीनं बसलेला, आजचा.

शांतादेवी नवऱ्याला ओळखेनाशी झाली होती. आधी ती भाजीतलं मीठ विसरली, मग गावातली माणसं, मग नातवंडं. तिथवर अप्पांनी सोसलं. पण एका सकाळी त्यांना बघून तिनं डोक्यावरून पदर ओढला आणि दाराआड होऊन म्हणाली, "मालक घरात न्हाईत. बाजारला गेलेत. आल्यावर या."

तेव्हापासून रोज हेच. अप्पांच्या हातचं ताट ती घेईना, गोळी घेईना. परक्या गड्याच्या हातचं कसं घ्यायचं? मेंढरंवाल्या धुळाजीची बायको छबुबाई दूध घालायला यायची, ती भरवील तेवढंच पोटात जायचं. आणि दिवस कलला की ही बाई मालकांना शोधायला मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागायची. मागून अप्पा, अंतर राखून. जवळ गेलं तर ती दगड उचलायची.

भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो होता. त्यातल्या काळ्याभोर मिशीच्या पोराला ती बरोबर ओळखायची. "हे आमचे मालक," असं अभिमानानं सांगायची. मग अप्पांच्या टकलाकडं बघून विचारायची, "तुमी कोण?"

अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, घरच्या माणसांचे आत्ताचे फोटो काढा, रोज दाखवा, जमलं तर जमलं. त्यातलं 'जमलं तर' अप्पांनी कानामागं टाकलं होतं. त्यांचा हिशोब सरळ होता. शांतादेवी परक्या माणसाशेजारी मेली तरी बसायची नाही, आणि हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? एकदा तिला दिसू दे की आपल्याशेजारी हा म्हातारा बसलाय. मग तिचं तिलाच उमगेल, की ज्याअर्थी बसलाय त्याअर्थी तो नवराच असला पाहिजे.

समोरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या सिदूनं स्वतःच्या फोनवर फोटो काढून द्यायची तयारी दाखवली होती. पण फोन तिच्या हातात दिला की बोट लागून चित्र कुठल्या कुठं पळायचं. कॅमेऱ्याचं त्या बाबतीत बरं होतं, बटण दाबल्याशिवाय फोटो जागचा हलत नव्हता.

तारीख एकदाची भरून झाली. अप्पांनी चालू करायचं बटण दाबलं. पुढची नळी बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत कुरकुरली, अर्ध्यात अडकली आणि पडदा काळा झाला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. अप्पांना वाटलं, उचलावा आणि पलीकडच्या नाल्यात भिरकावून द्यावा. तसं न करता ते रस्ता ओलांडून सिदूकडं गेले.

सिदूनं भिंगातून बघितलं, बारीक ब्रश फिरवला आणि ब्रशाकडं बघतच राहिला. "अप्पा, ह्याच्यात राख कशी गेली?"

"राख न्हाई. विभूती हाय."

"कावून?"

"कावून म्हंजे? नवी वस्तू वापराया काढली तर लावाया नको का?"

अप्पांच्या दुकानातला काटा, फ्रीज, कॅल्क्युलेटर, सगळ्यांच्या कपाळी विभूतीची तीन बोटं पडलेली होती. आणि हे तर शुभ काम. पहाटे पूजा झाल्यावर अप्पांनी मोठ्या भक्तिभावानं कॅमेऱ्याच्या ऐन तोंडावर, मिटलेल्या पापणीवर, चांगली दाबून तीन बोटं ओढली होती.

"अप्पा, हा ह्याचा डोळा हाय. डोळ्यात इबूत घालतं का कोणी?"

"मग लावायची कुठं?"

"पाठीवर लावा की," सिदू म्हणाला आणि फुंकणीनं एकेक कण उडवत बसला. खूप वेळानं नळी बाहेर आली. सिदूनं कॅमेरा परत देताना ह्याच्या तोंडाला पुन्हा विभूती लावू नका एवढंच सांगितलं.

दुपारी छबुबाई दूध घेऊन आली तशी अप्पांनी तिला थांबवून घेतलं. सतरंजी अंथरली, कॅमेरा तिच्या हातात दिला, कोणतं बटण ते दाखवलं. छबुबाईनं आधी स्वतःचाच अंगठा काढला, मग छताचं आढं.

"छबू, समोर बघ की."

"बघतीया की, पन ह्ये मेलं आपोआपच वाजतंय."

सराव झाल्यावर ती आत गेली आणि शांतादेवीचा हात धरून तिला बाहेर घेऊन आली. "आक्का, बसा इथं. फोटू काढायचाय."

"कोणासंगं?"

"अप्पासंगं."

शांतादेवीनं सतरंजीवरच्या अप्पांकडं बघितलं आणि हात सोडवून घेतला. "छबू, तुला काही लाजबीज? मालक घरात न्हाईत आन् मला परक्या गड्याजवळ बसवती?"

ह्या बाईला दूधवालीचं नाव ध्यानात होतं. अप्पांच्या मस्तकात तिडीक गेली. कालपासूनचा सगळा राग, तारखेचा, मुंग्यांचा, विभूतीचा, एकदम वर आला. "परका कोण? मीच हाय तो! तुझा नवरा हाय मी, अजून किती बारी सांगू?"

शांतादेवी दचकून भिंतीला टेकली. "आमचे मालक असं वरडत न्हाईत," ती छबुबाईला हळूच म्हणाली. "त्येंनी कधी मोठ्यानं हाक बी मारली न्हाई मला. ह्यांना जायाला सांग."

ती म्हणत होती ते खरंच होतं. अप्पा उठले, सतरंजीची घडी घातली आणि दुकानात जाऊन बसले. त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घ्यायची तेवढी बाकी ठेवली.

जाताना छबुबाई दुकानाशी थांबली. "अप्पा, एक इचारू? सकाळी पूजेला तुमी दोघं कुठं बसता?"

"देवघरापुढं. कावून?"

"शेजारी शेजारीच बसता न्हवं? तवा हटकत्यात का त्या?"

पूजेला शांतादेवी कोणालाच हटकत नव्हती. सगळं विसरली तरी ते तिचं सुटलं नव्हतं. अंघोळ करून पाटावर बसायची, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायची, पाणी, विभूती, बेलाचं पान, सगळं जिथल्या तिथं. त्या वेळी शेजारच्या पाटावर कोण आहे ह्याचं तिला काही नसायचं. रोज घडणारी ही गोष्ट आपल्या डोक्यात कशी आली नाही म्हणून अप्पा स्वतःवरच वैतागले.

दुसऱ्या सकाळी मेंढरं धुळाजीच्या अंगावर टाकून छबुबाई लवकर आली. कॅमेऱ्यानं पुन्हा तारीख विचारली. ह्या खेपेला अप्पांनी वाद घातला नाही, मुकाट्यानं सांगितली. मग ते पाटावर बसले, तळहातावर लिंग घेतलं, पण नजर काही त्यावर ठरेना. शेजारी शांतादेवी खाली मान घालून पुटपुटत होती. कपाळावर ओली विभूती, केस नीट विंचरलेले. एवढ्या जवळ ती कितीतरी दिवसांत बसली नव्हती.

"मान वर पायजे," अप्पा ओठातल्या ओठात म्हणाले. "तोंड दिसाया पायजे."

छबुबाई जरा थांबली. पूजेत हाक कशी मारायची? मग तिनं ओठ मुडपले आणि कळपाला वळवताना काढते तसा आवाज काढला, "हुर्रर्र, हाऽऽ." दोघांनीही एकदम माना वर केल्या. कॅमेरा वाजला.

फोटो आला होता. ना अंगठा, ना आढं. दोन पाट, दोन म्हातारी माणसं, सरळ समोर बघणारी, खांद्याला खांदा लागेल एवढ्या अंतरावर. अप्पांनी तो बघितला आणि त्यांना भरूनच आलं. बीडला जाऊन मोठा करून आणू, भिंतीवर लग्नाच्या फोटोशेजारी लावू, असं सगळं त्यांनी ठरवूनही टाकलं. पण तेवढा दम कोणाला? पूजा आटोपून शांतादेवीनं नमस्कार केला, तसे अप्पा पाटावरून उठून दूर जाऊन बसले आणि त्यांनी कॅमेरा फरशीवरून तिच्याकडं सरकवला.

"बघा बरं, कोण हाय."

तिनं तो उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"हे तर तुमीच," शांतादेवी म्हणाली.

अप्पा पुढं झुकले. "व्हय. आन् शेजारी कोण बसलंय?"

तिनं पुन्हा बघितलं. बराच वेळ बघितलं. पडद्यावरच्या त्या बाईच्या तोंडावरून तिनं हळूच बोट फिरवलं.

"कोणी म्हातारी हाय," ती म्हणाली. "तुमची मंडळी का?"

"अवो आक्का..." छबुबाईनं तोंड उघडलं. अप्पांनी हातानंच तिला थांबवलं. त्यांचा हिशोब सगळा बरोबर होता, फक्त फोटोतली बाई कोण हे तिला ठाऊक असेल असं त्यांनी धरलं होतं. आता कोणावर ओरडायचं? कॅमेऱ्यानं त्याचं काम चोख केलं होतं.

"व्हय," अप्पा म्हणाले. "माझी मंडळी."

"लई थकली हाय बिचारी. पन चांगली दिसती." तिनं पहिल्यांदाच पदर न ओढता त्यांच्याकडं बघितलं. "नाव काय तिचं?"

लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर अप्पांनी बायकोचं नाव कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. अगं, ऐकलं का, वीरेशची आई, ह्यावर सगळा संसार झाला होता.

"शांतादेवी," ते म्हणाले.

"अगं बाई," ती हसली. "माझंबी तेच नाव हाय."

मग तिनं देवापुढची वाटी ओढली, त्यातली खडीसाखर चिमटीनं उचलली आणि हात लांब करून, बोटं लागणार नाहीत अशा बेतानं, अप्पांच्या तळहातावर सोडली.

"परसाद हाय. तुमच्या मंडळीला न्या. आन् असं लोकांच्या घरी बसून ऱ्हाऊ नका, ती वाट बघत असंल. बाई मानूस बोलत न्हाई, पन वाट बघतं."

"व्हय," अप्पा म्हणाले. "निघतोच."

ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर येऊन आपल्याच घराच्या पायरीवर बसले. दुकान उघडायची वेळ टळून गेली. मुठीतली खडीसाखर घामानं चिकट होत होती, पण ती त्यांनी खाल्ली नाही.