चौदावी दुरुस्ती

काकांनी खण पुढे ओढला आणि चाळीस डोळे एकदम तिच्याकडे बघू लागले.

काळे, घारे, पिंगट, एक निळा. प्रत्येक डोळा कापसाच्या खळग्यात ठेवलेला, आणि पापणी नसल्यामुळे कायमचा दचकलेला. दोन महिने ती इथं येत होती, तरी खण उघडला की तिची मान आपोआप दुसरीकडे वळायची. आजही वळली, मग ओशाळून परत आली.

"वेबसाइटवर तिसऱ्या ओळीतला या डोळ्याचा फोटो बदला," काका म्हणाले. "आणि त्या पानावर डावीकडचा मजकूर पुन्हा कडेला चिकटलाय. तेवढा सरकवा. दोन मिनिटांचं काम."

काका कृत्रिम डोळे बनवायचे. अपघातात, आजारात ज्यांचा एक डोळा गेला अशी माणसं त्यांच्याकडे येत. काका त्यांना खिडकीसमोर तीनदा बसवत आणि उरलेल्या डोळ्याकडे बघत बघत दुसरा रंगवत. काम असं हुबेहूब, की घरच्यांनाही खरा कुठला ते आठवावं लागे. ती त्यांची वेबसाइट बनवत होती. नोकरी सोडून वर्ष झालं होतं, आणि ओळखीपाळखीशिवाय आपणहून आलेलं हे तिचं पहिलंच गिऱ्हाईक. तेवढ्यानं ती इतकी हरखली, की काकांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच भाव तिसऱ्या हिश्शानं उतरवून बसली. काकांनी तेव्हा नुसती भुवई उचलली होती.

ठरली होती पाच पानं आणि तीन दुरुस्त्या. ही चौदावी. दर वेळी काकांचा फोन, दर वेळी "इथंच या, समोर बसून करू," आणि दर वेळी खिडकीकडे तोंड केलेली तीच खुर्ची. ती काम करत असताना काका डाव्या बाजूला स्टुलावर बसून आपलं काहीतरी रंगवत राहत. त्यांच्याकडे बघायचं तर तिला अख्खी मान वळवावी लागे. एकदा ती म्हणून गेली होती, "डोळ्यांत तेल घालून तपासलंय, काका." त्यावर ते न हसता म्हणाले होते, "तेल नका घालू. चुरचुरतं." तेव्हापासून या खोलीत ती म्हणी जपून वापरायची.

सकाळी नवऱ्यानं चहाचा कप पुढे करत सांगितलं होतं, "भीड भिकेची बहीण. आजही बोलली नाहीस, तर हे स्वतंत्र कामाचं खूळ सोड आणि नोकरी शोध." तो रागानं बोलला नव्हता, म्हणून जास्त लागलं. तिनं कप घेताना थोडा चहा बशीबाहेर सांडला होता. इथं आत येतानाही तिचा डावा खांदा चौकटीवर आपटला होता. या घराचं दारच मेलं अरुंद, असं तिनं पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं.

तिनं लॅपटॉप उघडला, पण कीबोर्डवर हात ठेवला नाही.

"काका, आधी एक बोलायचंय."

"बोला ना, ताई."

"तीन दुरुस्त्या ठरल्या होत्या. चौदा झाल्या. वरच्या अकरांचे पैसे लावावे लागतील." वाक्य सगळं बाहेर आलं.

काकांनी कुंचला पुसला. "बरोबर आहे. हे चौथ्या वेळीच सांगायला हवं होतंत. यादी केलीय?"

"केलीय."

"मग वाचा. कशाचे पैसे देतोय ते ऐकू दे."

इतकं सोपं होतं तर! तिला हसूच आलं. तिनं वही उघडली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"पहिली. मेनूची डावी बाजू पानाबाहेर. दुसरी. डावीकडच्या फोटोवर अक्षरं चढलेली. तिसरी. फोन नंबरचा पहिला आकडा गायब. चौथी. डावी चौकट तुटकी. पाचवी. डावीकडचं..."

सातव्यापर्यंत तिचा आवाज उतरला. आठवी ती मनातच वाचू लागली. मग नववी, मग शेवटची. खण उघडाच होता.

"थांबलात का?" काकांनी हळूच विचारलं.

तिनं वही टेबलावर ठेवली. काकांनी खिशातून काड्यापेटीएवढी डबी काढून वहीवर ठेवली. आत कापसावर बुबुळाची एक चकती होती. पिंगट, आणि खालच्या कडेला मोहरीएवढा सोनेरी ठिपका. तो ठिपका ती लहानपणापासून रोज आरशात स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघत आली होती. लहानपणी आई तिला त्यावरूनच चिडवायची.

तिनं डबी उचलून उजेडाकडे धरली.

"हे कधी केलंत?"

"तुम्ही बसायचात तेव्हा. समोर माणूस बसलं की हात चालतो, मला थांबवता येत नाही. पण रंगवायचं म्हणजे नीट बघावं लागतं. तिसऱ्या खेपेला डावी बाहुली वेगळी दिसली. पाचव्या खेपेला आणखी. दुरुस्त्या खऱ्याच होत्या, ताई, फोनवर सांगता आल्या असत्या. मी बोलवत राहिलो."

"मग सांगितलं का नाही?"

"खात्री नव्हती. आणि..." काकांनी खण आत ढकलला. "भीड पडली."

तिनं वही मिटली. "या माझ्याच चुका आहेत. याचे पैसे मी कशी घेऊ?"

"चुका तुमच्या, पण वेळ मी खाल्ला. बैठकीला बसवलेल्या माणसाचा वेळ फुकट नसतो. बिल करा, पूर्ण भावानं करा. डोळ्याच्या डॉक्टरांची पाचची वेळ घेतलीय, मी बरोबर येतो." डबीकडे बोट करून ते म्हणाले, "हे लागलं नाही तर मला परत आणून द्या. मला फार आवडेल."

"काका, माझे दोन्ही डोळे चांगले आहेत."

"उजवा सांभाळून घेतोय. तो झाका बरं."

तिनं उजव्या डोळ्यावर तळवा दाबला आणि स्क्रीनकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीत सात डोळे होते, तिनंच एकेक करून लावलेले. तिला चार दिसले. पलीकडे अंधार नव्हता, काळं काहीच नव्हतं. तिथं पानच नव्हतं, टेबल नव्हतं, खिडकीची ती बाजू नव्हती. स्टूलही नव्हतं.

"काका?"

"आहे," काहीच नसलेल्या जागेतून आवाज आला. "इथंच बसलोय. दोन महिने इथंच बसतोय."