फाटकावरची पट्टी

सकाळी कारखान्याच्या मागच्या फाटकाशी सगळे जमले, तेव्हा फाटक उघडण्याचा प्रश्नच उरला नव्हता. दोन्ही दारांवर मिळून एक जाड लोखंडी पट्टी आडवी टाकून रात्रीत कुणीतरी वेल्डिंग मारलं होतं. कुलूप आपलं शोभेला लटकत होतं आणि क्रेनवाल्या काकू हातातल्या किल्लीकडे बघत होत्या.

"चला, निदान किल्ली तरी हरवली नाही," फिटर म्हणाला. कुणी हसलं नाही.

बेत साधा होता. वेल्डिंगच्या शेडमधले धूर ओढणारे पंखे मालकाने दुरुस्तीला म्हणून काढून नेले, ते परत आलेच नाहीत. पंख्यांशिवाय काम करणार नाही म्हणणाऱ्यांना त्याने बाहेर काढलं. आज मागच्या फाटकाने आत शिरायचं, आपापल्या यंत्राशी जाऊन बसायचं आणि पंखे लागल्याशिवाय उठायचं नाही. हा बेत डावरीचा. शेडमध्ये तिच्याइतका पक्का हात कुणाचा नव्हता, आणि डोक्यात एकदा घेतलं की ती ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नसे.

डावरी वाकून जोड बघत होती. वेल्डिंगच्या रेषेवर माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे उमटतात आणि हात कुठून कुठे गेला ते त्यावरून कळतं. इथे हात उजवीकडून डावीकडे गेला होता. तिचा जातो तसाच.

"काकू, हे बघा," फिटर तिच्या खांद्यावरून डोकावत म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आपल्यात उलटं कोण मारतं?"

माणसं जवळ सरकली. पंधरा-वीस जण होते. काकूंनी पट्टीवरून बोट फिरवलं.

"डावरे, हे काय गं?"

"माझं नाही."

"मग कुणाचं? मालकाचं? त्याला साधा दिवा बदलता येत नाही."

डावरीला उत्तर ठाऊक होतं. रेषेच्या शेवटी बारीक खड्डा होता. जोड संपवताना रॉड क्षणभर थांबवावा लागतो, नाहीतर तिथे असा खड्डा राहतो. घरामागच्या पत्र्याखाली सुट्टीच्या दिवशी खिडक्यांच्या जाळ्या करताना ती एका माणसाला हेच सांगून थकली होती. त्या माणसाच्या मागे बसून, त्याच्या हातावर आपला हात ठेवून तिने त्याला शिकवलं होतं. तो उजव्या हाताचा, पण शिकला तिच्या दिशेने. तो याच कारखान्यात रंगारी होता. मालकाला कळलं तर रंगाऱ्याच्या पगारात वेल्डिंगही करून घेईल, म्हणून दोघांनी ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती.

रंगारी, तिचा नवरा, तीन माणसांपलीकडे उभा होता. रात्री बहिणीकडे राहतो म्हणून गेला होता, तो सकाळी थेट इथेच आला होता.

तिने त्याच्याकडे पाहिलं. आता बोलेल, तिला वाटलं.

"भावोजी, तुम्ही तरी सांगा," काकू म्हणाल्या. शेडमधल्या सगळ्या बायका त्याला भावोजीच म्हणायच्या. "रात्री ही घरी होती ना?"

रंगाऱ्याने बुटांवरचा सुकलेला रंग दुसऱ्या बुटाने खरवडला.

"मी बहिणीकडे होतो," तो म्हणाला. "घरी कोण होतं, कोण नव्हतं, मला काय माहीत." मग जरा थांबून, "असेल तिचंच. चुकली असेल. जाऊ द्या तिला घरी."

डावरीला आधी वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. तिने फाटक धरलं. मागून एकीने "शी" म्हटलं. कालपर्यंत जिच्याबरोबर डबा खाल्ला, ती.

"माझ्या जोडाला शेवटी खड्डा पडलेला कुणी बघितलाय?" डावरी म्हणाली. "हा हात मी शिकवलेला आहे. विचारा तुमच्या भावोजींना."

सगळ्या माना वळल्या. फिटरने रंगाऱ्याची उजवी बाही वर सारली. मनगटावर ताज्या ठिणग्यांचे लाल ठिपके होते.

"मालकाने किती..." फिटरने सुरुवात केली.

"कुणी काही दिलं नाही," रंगारी म्हणाला. "काल रंगाचे डबे परत करायला कारखान्यात गेलो होतो. आत भाड्याची माणसं बसवलीत. सळया घेऊन, दाराआड. तुम्ही शिरलात की मारणार आहेत. रखवालदाराला म्हटलं, फाटक पक्कं करून देतो, तर तो खूश झाला."

"आणि आम्हाला सांगायला तोंड शिवलं होतं?" काकू म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर ही थांबली असती?" त्याने पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. "बोल, थांबली असतीस?"

"नसते."

"मग. सगळ्यांनी तुला हाकललं असतं तर घरी तरी बसली असतीस."

"अहो, पण आम्ही थांबलो असतो," काकू म्हणाल्या. "आणखी माणसं, पोलीस, काहीतरी बघितलं असतं. आम्हाला काय जिवावर उदार व्हायची हौस आहे?"

हा विचार रंगाऱ्याच्या मनात आलाच नसावा.

"खोटं बोलतोय," फिटर म्हणाला. "आत कुणी नाही. पट्टी कापू आणि जाऊ. बायकोला फितूर ठरवणारा माणूस आपल्याला खरं सांगेल?"

किल्ली चालली नाही तर म्हणून ग्राइंडर आणलेलाच होता. फिटर शेजारच्या गॅरेजमधून वायर घेऊन आला. काकूंनी हात आडवा धरला आणि डावरीकडे वळल्या.

"तू संसार केलायस याच्याबरोबर. सांग. आत माणसं आहेत म्हणतोय, खरं आहे?"

काल कुणी विचारलं असतं, तर तिने डोळे मिटून हो म्हटलं असतं. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात, असं ती मैत्रिणींना हसत सांगायची. मघाशी, "असेल तिचंच" म्हणताना, ती त्याच्याकडेच बघत होती. कान जसेच्या तसे होते.

आता तो तिच्याकडे टक लावून बघत होता. हो म्हण, एवढंच मागत होता.

"मला सांगता येत नाही," डावरी म्हणाली.

रंगारी मटकन रस्त्याच्या कडेला बसला. काकूंनी आडवा धरलेला हात तसाच होता. फिटर ग्राइंडर घेऊन उभा होता. फाटकाआड काही हलतंय का, ते ऐकायला सगळे गप्प झाले.