अरुंद जिन्याचं विमान

मी विमान आहे, पण उडत नाही. दोन मजली, सहाशे खुर्च्यांच्या एका अवाढव्य प्रवासी विमानाचा मी लाकडी नमुना. माप मात्र खऱ्याचंच. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागावून बोलतोय.

मला मिस्त्रींनी बांधलं. गुडघे दुखायचे त्यांचे, तरी एकेक फळी रंधा मारून बसवली. खऱ्या विमानाचे पंख म्हणे हवेचा झोत ओळखून आपोआप वाकणार! साऱ्या कारखान्यात त्या पंखांचंच कौतुक. माझा वरून खाली येणारा जिना मात्र चार खुर्च्या जास्त मावाव्यात म्हणून कारखान्याच्या साहेबांनी दोनदा अरुंद करायला लावला. तेव्हा कपाळाला आठी पडली ती फक्त मोजपट्टीच्या. ही आमची तरुण इंजिनिअर. सदा गळ्यात टेप, म्हणून हे नाव.

नियम असा, की अंधारात, निम्मे दरवाजे बंद ठेवून, नव्वद सेकंदांत सगळे बाहेर पडले पाहिजेत. साहेबांनी चाचणीला कोण आणलं? कारखान्याचा धावण्याचा क्लब आणि अख्खी व्यायामशाळा! पन्नाशीपुढची माणसंही लागतात, तर तीही आणली, डोंगर चढणारी. वर आदल्या दिवशी तालीम करून घेतली. चौऱ्याऐंशी सेकंद! टाळ्यांचा नुसता कडकडाट. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला पाय नाहीत, ते सोडा.

पुढच्या रविवारी मोजपट्टीनं आपली आई, मिस्त्री आणि तीसेक निवृत्त कामगार माझ्या वरच्या मजल्यावर बसवले. दिवे घालवले, शिट्टी वाजवली.

"अगं, पाय कुठं ठेवू?" आई जिन्यात थबकली.

"वहिनी, सावकाश. मी आहे मागं," मिस्त्री म्हणाले. तेवढ्यात त्यांचाच गुडघा दगा देऊन गेला. ते पायरीवर बसले आणि मागची सगळी माणसं अडकली.

तीस माणसं, चार मिनिटं. मिस्त्री कठड्यावरून हात फिरवत पुटपुटले, "माझ्याच हातानं बांधला हो हा."

मोजपट्टीनं साहेबांना ही वेळ लिहिलेला कागद दाखवला.

"म्हाताऱ्यांचा मेळा भरवलास की!" साहेब हसले. "चाचणी पास झालीये. सही करून टाक."

"सर, विमानात अशीच माणसं बसणार."

"नियमात बसतंय ना? मग झालं."

मग झालं! लाज कशी वाटत नाही?

उद्या मला फोडणार आहेत. सुरुवात जिन्यापासून करायची, असा साहेबांचा हुकूम आहे, म्हणजे पुन्हा कुणी वेळ मोजायला नको. आत्ता मोजपट्टी माझ्या एका खुर्चीत बसली आहे. मांडीवर साहेबांनी दिलेला मंजुरीचा कागद, हातात उघडं पेन. तिच्या सहीशिवाय आराखडा पुढं जात नाही.

पोरी, मला खुशाल फोडू देत. मी लाकूडच आहे, चुलीत गेलो तरी चालेल. पण पुढं खऱ्या विमानात हाच जिना धातूचा होईल, आत धूर भरेल आणि कुणाची तरी आई विचारेल, पाय कुठं ठेवू? तिला उत्तर द्यायला साहेब नसतील तिथं.

सही करू नकोस.