नसते उद्योग

तुळशीराम माळ्याला गावात दोन नावं होती. तोंडावर तुळशीराम आणि पाठ वळली की उद्योगी. कुणाच्या विहिरीचा रहाट कुरकुरला की हा तेलाची वाटी घेऊन हजर. कुणाची गाय अडली, कुणाच्या सासरहून पत्र आलं, कुणाच्या भिंतीला भेग पडली, की सगळ्यांच्या आधी हा तिथे. बोलावणं लागत नसे. धाड गावच्या बाजाराला भाजी घेऊन निघाला तरी दहा घरची दहा कामं डोक्यात, आणि लष्कराच्या भाकऱ्या भाजता भाजता स्वतःची वांगी टोपलीतच सुकायची.

आता अशा माणसाला गावानं डोक्यावर घ्यावं. पण गाव असं काही करत नसतं. उपकार घ्यायला दोन हात आणि हसायला बत्तीस दात, अशी आमच्याकडची रीत. "काम ना धंदा, हरी गोविंदा," असं त्याला ऐकवल्याशिवाय पारावर कुणाची तंबाखू मळून व्हायची नाही. त्यात जिल्हा परिषदा नव्यानं निघाल्या होत्या. जीपमधून साहेब यायचे, आणि भेटायला गेलं की शिपाई सांगायचा, साहेब बिझी आहेत. गावानं तो शब्द उचलला, 'बिजी' केला आणि तुळशीरामला चिकटवला. तो दिसला की पोरंसोरंही विचारायची, "काय उद्योगी, बिजी काय?" तो हसायचा. आतून त्याला लागायचं, पण पाय काही थांबायचे नाहीत.

त्या साली श्रावणात पावसानं महिनाभर दडी मारली. मारुतीच्या देवळामागं अर्जुनरावाचं ज्वारीचं एक पट्टं होतं, ते गुडघ्याएवढं होऊन तसंच खुरटलं. अर्जुनराव म्हणजे गावातला मोठा शेतकरी. साठ एकर जमीन, दारात चार बैल आणि जिभेला हाड नाही. पोळ्याला चार दिवस उरले तेव्हा तुळशीराम पारावर जाऊन त्याला म्हणाला, "भाऊ, त्या पट्ट्याले बोराटीचं कुंपण घाला. अशी ताण बसलेली ज्वारी विखारी राह्यते. पोळ्याले गावभर बैलं सुटतीन. एखाद्यानं तोंड घातलं तं अर्ध्या घंट्यात आडवा होईन."

अर्जुनरावालाही हे ठाऊक होतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या कुणाला ठाऊक नसतं? पण चार माणसांत एका माळ्यानं शिकवलं, हे त्याला झोंबलं.

"ज्वारी माही, बैलं माहे. तुले काऊन पोटदुखी?" तो म्हणाला. "तुले सोताचा काही कामधंदा नाही का बे?"

अख्खा पार खदखदून हसला. कुंपण पडलं नाही, आणि आता तर ते पडणारच नव्हतं.

पोळ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर तोरणाखाली बैल उभे राहिले. शिंगं रंगवलेली, अंगावर झुली, नाकात नव्या वेसणी. पोळा फुटण्याआधी, म्हणजे तोरण तोडून बैल सोडण्याआधी, आमच्याकडं झडत्या म्हणतात. कुणीतरी पुढं होऊन चार ओळी जुळवून कुणाची तरी उडवायची आणि गावानं हर हर महादेव म्हणायचं. ज्याच्यावर झडती त्यानं रागवायचं नाही, असा दंडक आहे. अर्जुनराव झडत्यांत पट्टीचा. आपल्या पांढऱ्या जोडीवर आरसे लावलेल्या लालभडक मखमली झुली चढवून तो पुढं आला आणि हात वर करून ओरडला,

"वांगे खाल्ले किडीनं, मिरची गेली सुकून,
तुळश्या पाह्यते गावाच्या चुलीमंदी वाकून!
खुट्याले नाही ढोर, पोटाले नाही पोर,
तरी सायेब बिजी भारी, उद्योगाले लई जोर!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला..."

"हर हर महादेव!"

गाव असं हसलं की बैल बिचकले. वांग्यांचं ठीक होतं, मिरचीचंही ठीक होतं. पण पोराचं? लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि समोर बायकांच्या घोळक्यात त्याची बायको सत्यभामा उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढला आणि ती घराकडं चालू लागली. ज्या उकंडरावाच्या सुनेसाठी तुळशीराम चिखलपाण्यातून सुईण घेऊन आला होता, तो उकंडराव डोळे पुसत हसत होता. हसला नाही तो एकटा कचरू. एका बैलाचा मालक, अर्जुनरावाच्या शेतात मजुरीला जाणारा गरीब माणूस. तो आपल्या पांढऱ्या हिऱ्याच्या मानेवर हात ठेवून खाली बघत राहिला. तुळशीरामला मात्र तेवढं एक तोंड दिसलं नाही. त्याला सगळे दातच दिसत होते.

तो पोळा फुटण्याआधीच निघाला आणि आपल्या मळ्यात जाऊन बसला. सणाच्या दिवशी करायला काही नव्हतं. पोराची ओळ त्याच्या डोक्यातून जाईना. गावासाठी झिजलो, आणि गावानं माझ्या बायकोला भर पोळ्यात नागवं केलं. त्यानं थुंकी टाकली आणि मारुतीकडं तोंड करून शपथ घेतली की यापुढं आपण बरे आणि आपलं काम बरं.

दिवस मावळता मावळता तो देवळामागच्या पायवाटेनं घराकडं निघाला. ज्वारीच्या पट्ट्यात काहीतरी हललं. पांढरा बैल होता, त्याच्यावर लालभडक झूल. आरसे उरल्यासुरल्या उजेडात चमकत होते. मान खाली घालून बैल ज्वारी ओरबाडत होता आणि नवा कासरा मागं लोंबत होता.

तुळशीरामचे पाय सवयीनं वळले. दोन ढांगांत तो बांध उतरलासुद्धा. मग थांबला. अर्जुनरावाचा बैल. अर्जुनरावाची ज्वारी. तुले काऊन पोटदुखी? त्याच्या छातीत काहीतरी गोड गोड पसरलं. खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला, आणि इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मुकं जनावर काय जाणे झडती? हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्यानं तो बाजूला सारला. दोन ढांगा मागं घेऊन तो वाटेला लागला.

घरी सत्यभामेनं रडून लाल झालेल्या डोळ्यांनी पान वाढलं. तुळशीरामनं पुरणाच्या चार पोळ्या खाल्ल्या. वर तूप मागून घेतलं. सत्यभामा त्याच्याकडं बघतच राहिली. एवढ्यात देवळाच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला, बैल पडला, बैल पडला.

"पाह्यता का जाऊन?" सत्यभामा म्हणाली. "तुमाले औषध मालूम हाय."

"मी बिजी हाय," तुळशीराम म्हणाला आणि पाचवी पोळी घेतली.

दार धाडकन उघडलं. दारात कचरू उभा होता, धाप लागलेला, पायात वहाण नाही.

"दादा, चाल लवकर! माहा हिरा पडला!"

तुळशीरामचा हात ताटातच राहिला. "तुहा? झूल तं अर्जुनरावाची..."

बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. पण कचरूचं लक्ष कुठं होतं?

"त्यानंच देल्ली. झडतीले लोक हासले म्हून खुशीत होता. म्हने, घाल तुह्या बैलाले, गावभर फिरव, घरोघर बोजाऱ्याचे पैसे तरी चांगले भेटतीन. मी त्याच्या दारी जेवाले बसलो, अन् नव्या कासऱ्याची गाठ सुटली. चाल ना दादा, तुह्या पाया पडतो!"

तुळशीराम उठला, मडक्यातला गूळ पाण्यात कालवला आणि तांब्या घेऊन धावला. आयुष्यात इतका तो कधी धावला नसेल. पण हिऱ्याचे पाय ताठले होते, तोंडाला फेस आला होता. जबडा उघडून त्यानं पाणी ओतलं, ते तसंच बाहेर आलं. बैलानं एकदा डोळा फिरवला आणि संपला. कचरूची बायको तानाबाई बैलाच्या पोटावर पडून हंबरडा फोडत होती. अर्जुनराव गर्दीतून पुढं आला. त्यानं वाकून आधी झुलीची गाठ सोडली, बैलाखालून ती ओढून काढली, झटकली आणि घडी घालून काखेत मारली.

"माहे दोन्ही बांधेल होते म्हून बरं झालं," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष तुळशीरामकडं गेलं. "काऊन बे उद्योगी, रोज तं सगळ्याइच्या आंधी राह्यते. आज कुठी होता?"

"घरी," तुळशीराम म्हणाला. "आपल्या कामात."

"सुधारला!" अर्जुनराव म्हणाला, आणि त्या मेलेल्या बैलाशेजारीही दोघंतिघं हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरूनं आपल्या अर्ध्या एकराच्या बांधावर खड्डा घेतला. कातडं कुणाला द्यायला तो तयार नव्हता. गावातलं कुणी फिरकलं नाही, कारण पोळ्याची कर होती आणि गाव बिजी होतं. तुळशीराम मात्र कुदळ घेऊन पहाटेच आला होता. तो खणत होता. हाताला फोड आले, फुटले, तरी थांबत नव्हता.

कमरेएवढा खड्डा झाल्यावर कचरू काठावर बसला आणि नवा कासरा बोटांत फिरवत राहिला.

"चूक माहीच," तो म्हणाला. "दुहेरी गाठ माराले पायजे होती. तू त्या वाटेनं आला अस्ता, तं माहा हिरा वाचला अस्ता. तुह्या नजरेतून सुटलाच नस्ता." तुळशीरामनं कुदळ हाणली. "लोकाइले हासू दे, दादा. तू आपले उद्योग सोडू नोको. या गावात मले एक तूच हाय."

बैल मावेल एवढा खड्डा कधीच झाला होता, तरी तुळशीराम खणतच राहिला. शेवटी कचरूनंच खाली उतरून त्याच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि रक्ताळलेले हात आपल्या धोतरानं पुसून दिले.