काळी कोंबडी

ओबुकोसियाच्या घराण्याकडे गावाचा पाऊस होता. रीत साधी. गावाने पुढे केलेली काळी कोंबडी जो हातात घेईल, त्या वर्षीचा पाऊस त्याचा. कमी पडला तरी त्याचा, जास्त पडला तरी त्याचाच; नुकसान झालं तर गाव त्यानेच सोडायचं. त्यामुळे घराण्यात अंथरुणावर मेलेले पुरुष थोडे, गाव सोडून गेलेले जास्त. लग्न ठरवताना हे ओबुकोसियाच्या बायकोला, अविंजाला, कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून पाऊस पाडायला ढगांवर विमानातून मीठ फवारणारी मंडळी नैरोबीहून आली तेव्हा तिला वाटलं, सुटला आपला म्हातारा.

आंब्याखाली सभा भरली. त्या मंडळींच्या साहेबांनी संमती, सहभाग, पारदर्शकता असं बरंच काही सांगितलं आणि सोड्याच्या गोड बाटल्या वाटल्या.

"जास्त पडला तर कोण?" ओबुकोसियाने विचारलं.

"जबाबदारी सामायिक असेल, आजोबा."

"म्हणजे गायब!" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मग गावाच्या वतीने गावप्रमुख अंदायीने साहेबांपुढे कोंबडी धरली. साहेबांनी हात मागे घेतले. "माफ करा, भेटी घेणं आमच्या नियमात बसत नाही."

हसू थांबलं. कोंबडी अंदायीच्या हातात उलटी फडफडत राहिली. बिनधन्याचा पाऊस त्या गावात कधी पडला नव्हता. ओबुकोसिया उठला.

"अहो, बसा खाली!" अविंजाने त्याचा सदरा ओढला.

"मग काय लोंबकळतच ठेवायची तिला?" त्याने कोंबडी घेतली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला.

विमानं आली. पाऊस आला, तो थांबेचना. नदीने शेजारच्या खसांदीचं घर नेलं, आत तिची मुलगी होती. चौकशी समितीने उड्डाणांचा आणि पुराचा संबंध सिद्ध होत नसल्याचं कळवलं. दुःखही कळवलं.

खसांदी दारात आली. "काका, पाऊस कुणाचा होता?"

"माझा, पोरी."

"खोटं बोलतायत हे!" अविंजा ओरडली. "विमानांचा होता!"

"तिच्या दारात विमान येणार आहे का उत्तर द्यायला?" तो म्हणाला. घराण्यात चालत आलेलं पावसाच्या दगडांचं मडकं त्याने अंदायीकडे दिलं, घोंगडी घेतली आणि टेकडीपलीकडे गेला. रीतीप्रमाणे बायकोने मागे जायचं नसतं. ताटातली मक्याच्या पिठाची उगाली झाकलेलीच राहिली.

पुढच्या हंगामात साहेब पुन्हा आले. "आजोबा दिसत नाहीत? त्यांचा फोटो आमच्या अहवालात पहिल्याच पानावर आहे."

अविंजाने काळी कोंबडी आणून त्यांच्यासमोर धरली. साहेबांचे हात आपोआप मागे गेले.

ती धरून उभी राहिली. या वेळी मध्ये उठायला तिच्या घरात कुणी उरलं नव्हतं.