वाडीच्या पंपाचं पेट्रोल

आम्ही राहतो बेसाला आणि पेट्रोल भरायला जायचो वाडीला, शहराच्या या टोकावरून त्या टोकाला. कारण वाडीच्या पंपावर जितेंद्रभाऊजी मॅनेजर होते, माझ्या नणदेचे, दिपालीचे यजमान. घरचा माणूस पंपावर असताना दुसरीकडे पेट्रोल भरणं म्हणजे त्याचा अपमान, असं आमचे हे म्हणायचे. मला ते पटायचं नाही. पण त्या निमित्तानं बहीणभावाची भेट व्हायची, दिपालीच्या हातचा चहा मिळायचा, म्हणून मी गप्प बसायचे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हे असेच टाकी फुल करून आले आणि सकाळी गाडी धुवायला काढली. आमच्याकडे दसऱ्याला मोटारसायकल नुसती पुसत नाहीत. नळाला पाईप लावून, शाम्पू चोळून, सीटपासून टाकीपर्यंत तिची आंघोळ होते, मग हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. देवाच्या वाट्याला इतकं पाणी येत नाही. संध्याकाळी सोनं वाटायला निघालो आणि मनीषनगरच्या अलीकडेच गाडी आचके देऊन बंद पडली. मेकॅनिकनं टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढलं, तर खाली बोटभर पाणी.

ह्यांचं डोकं फिरलं. मी नवी साडी सावरत रस्त्याच्या कडेला उभी होते, तेवढ्यात ह्यांनी त्या बाटलीचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. खाली लिहिलं, 'जावईबापूंच्या वाडीच्या पंपाचं सोनं. घ्या आणि सोन्यासारखं राहा.' लोक हसले. काटोलच्या काकांनी तो पुढे पाठवला, पुढच्यांनी आणखी पुढे. मी म्हटलं, आधी भाऊजींना फोन करून विचारायचं तरी. तर म्हणे, गंमत केली, त्यात एवढं काय.

त्यानंतर ह्यांचं मन प्रीमियमवर बसलं. वर्धा रोडवरचा मोठ्या कंपनीचा झकपक पंप, आणि दरही तसाच चढा. घरी येऊन त्याचं कौतुक चालायचं, पिकअप काय, आवाज काय, जणू गाडीला तूप पाजून आणलंय. मला मागं बसून काडीचा फरक कळला नाही. पण जास्त पैसे मोजले की माणसाला फरक दिसावाच लागतो.

तिकडे दिपालीचे फोन बंद झाले. मी केला तर उचलायची नाही. भाऊजी रोज सकाळी पंपाच्या टाकीत पेस्ट लावलेली दांडी सोडून पाणी आहे का बघतात, पेस्टचा रंग बदलला तर विक्री बंद, हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. ते मी ह्यांना सांगून पाहिलं.

"मंग बाटली खोटं बोलते का वं?" हे म्हणाले.

दिवाळी तोंडावर आलेली. सासूसासरे गेल्यापासून दिपालीला माहेर म्हणजे आमचंच घर, आणि भाऊबीजेला ती या घरात येणार की नाही, या काळजीनं माझं फराळातही लक्ष लागत नव्हतं.

पाडव्याला ह्यांनी पुन्हा पाईप काढला. मी दारात रांगोळी घालत होते. टाकीच्या झाकणाभोवती पाण्याचं छोटं तळं साचलं आणि पाहता पाहता ते खाली उतरलं. बाहेर सांडलं नाही, कुणी पुसलंही नाही.

"अजी, ते पानी कुठं गेलं?" मी विचारलं.

"उडालं असन," हे म्हणाले.

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि तसेच आचके देऊन थांबली. ढकलत परत आणली. मी स्वयंपाकघरातून रिकामी बाटली आणून ह्यांच्या हातात दिली. वर प्रीमियम पेट्रोल, खाली बोटभर पाणी. झाकणाचं रबर पार चिरलेलं होतं.

"आता हे पानी कोन्या कंपनीचं, सांगा," मी म्हटलं.

हे पायरीवर बसले. म्हणाले, जितेंद्रशी सवडीनं फोनवर बोलतो. मला संताप आला. चेष्टा चारचौघांत आणि माफी एकांतात, ही कुठली रीत? ह्यांनी फोन हातात घेतला, काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि शेवटी ग्रुपवर सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा पाठवल्या. तेव्हा मीच माझ्या फोनवरून या बाटलीचा आणि त्या रबराचा फोटो टाकला. लिहिलं, पाणी वाडीचं नव्हतं, आमच्या नळाचं होतं. या वेळी कुणी हसलं नाही, आणि कुणी पुढंही पाठवलं नाही.

थोड्या वेळानं दिपालीचा फोन आला. ह्यांना ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला. तिचा आवाज शांत होता, त्याचीच मला भीती वाटली. पहिला फोटो फिरत फिरत वाडीच्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर गेला होता. ड्रायव्हर पंपावर येऊन भांडले, मालकानं भाऊजींना घरी बसवलं. नंतर तपासणी झाली, पेट्रोल-डिझेल दोन्ही चोख निघालं, पण तोवर त्यांच्या जागी दुसरा माणूस लागला होता.

"पन भाऊजीची काही चूकच नव्हती, हे मालकाले समजलं नाही का?" मी विचारलं.

"वहिनी, परक्यानं टाकलं असतं ना, तं मालकानं यायले इचारलं तरी असतं," ती म्हणाली. "सख्ख्या साळ्यानंच टाकल्यावर तो काय इचारन वं?"

हे उठून फोनजवळ आले. उद्या मीच वाडीला येतो म्हणाले, भाऊजींची माफी मागतो म्हणाले.

"ये दादा. मी ओवाळीन तुले," दिपाली म्हणाली. "पन हे घरी नसतीन. यायनी तुया फोनची लय वाट पाह्यली."

भाऊबीजेला हे बसनं वाडीला गेले आणि लवकरच परत आले. कपाळावर टिळा होता. मी पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसले. भाऊजी भेटले का, मी विचारलं.

"दिपू म्हने, बाहेर गेले," हे म्हणाले. "चपला दारातच होत्या वं त्यायच्या."