शेवटच्या रांगेतली रिकामी घरं

मित्रांनो, मी एका शाळेच्या प्रयोगशाळेतला जुना कापडी तक्ता आहे. माझ्या अंगावर मूलद्रव्यांची आवर्तसारणी आहे. सगळं जग ज्यांचं बनलं, त्यांची बिऱ्हाडं माझ्याकडे राहतात. प्रत्येकाला एक घर, घरावर नंबर. हेलियम वरच्या कोपऱ्यात राहतं आणि कुणाशी संबंध ठेवत नाही.

मला दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने रंगवलं. एकशे तीन घरं भरली, तरी शेवटच्या रांगेत पंधरा उरली. त्याला ते बघवेना. एकशे चारमध्ये त्याने फूल काढलं आणि एकशे पाचकडे वळला, तेवढ्यात रसायनशास्त्राच्या बाई आल्या.

"ती रिकामी राहू द्या. राहणारे यायचेत अजून."

"कधी?"

"सापडले की."

पेंटरने ब्रश धुतला, पण चेहऱ्यावरून त्याला काही पटलेलं दिसलं नाही.

बाई वर्गाला सांगत, की फार पूर्वी एका शास्त्रज्ञानेही सारणीत अशाच जागा सोडल्या होत्या. मग गॅलियम आलं, जर्मेनियम आलं आणि आपापल्या जागी मुकाट्याने बसलं. अरगॉनचं कुटुंब मात्र न कळवता आलं. त्यांच्यासाठी सारणीला कडेला अख्खी उभी रांग जोडावी लागली.

माझ्याकडे खरी भांडणं झाली ती एकशे चारवरून. शोधलं आम्हीच, असं दोन देश म्हणत होते आणि नावंही दोन होती. बाईंनी फुलावर एक चिठ्ठी लावली, मग तिच्यावर दुसरी. पुढे 'डुब्नियम' ठरलं, म्हणून तिसरी लावली. तीन वर्षांनी ते नाव शेजारच्या एकशे पाचला दिलं गेलं. बाईंनी तीच चिठ्ठी अलगद सोडवून शेजारी डकवली; तिच्याखालचं दुसरं नाव एकशे चारला कायम झालं. एकशे नऊपर्यंत लिहून त्या निवृत्त झाल्या.

नंतर गुळगुळीत छापील तक्ता आला आणि मी कपाटावर गेलो. एका नाटकात मला उलटा धरून समुद्र केलं. शेवटी माझी गुंडाळी रद्दीच्या गठ्ठ्यात पडली. गठ्ठा दारापर्यंत गेला होता. तेव्हा नवीन सरांनी, म्हणजे बाईंच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने, कडेला डोकावणारं त्यांचं अक्षर ओळखलं. नव्या तक्त्यावर शेवटची नावं तात्पुरती छापली होती, आणि आता ठरलेली पक्की नावं लिहावीत तर त्याच्यावर शाई टिकत नव्हती. सर मला काखोटीला मारून थेट बाईंच्या घरी गेले.

"हात थरथरतो रे आता," बाई म्हणाल्या.

"थरथरू दे. अक्षर तुमचंच हवं."

नऊ नावांना अख्खी दुपार लागली. शेवटच्या एकशे अठरामध्ये ओगानेसन लिहून झालं तेव्हा बाईंनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. मग सरांना म्हणाल्या, "खाली एक पट्टी शिवून ठेव. एकशे एकोणीस शोधताहेत."

सरांनी ती शिवली. वाकडी आहे, पण मजबूत आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी ती चुकीची आहे की नुसती अपुरी, एवढं बघत जा. आणि कृपा करून मला ओल्या फडक्याने पुसू नका. माझ्याकडे सोडियम राहतं, त्याला पाणी अजिबात खपत नाही.